जागतिक शांतता ब्रास बँडचे कासममास्तर

आमच्या मांडवगणात दोन माणसं भांडायला लागली की कुठूनतरी क्लॅरिनेट वाजायला लागायचं. बाहेरगावच्या माणसाला हे सांगितलं तर तो हसतो. हसू दे. ज्यानं ऐकलंय त्याला हसू येत नाही. त्याला भांडणही येत नाही.

माझं खताचं आणि बियाण्यांचं दुकान एसटी थांब्याला लागून आहे. गावातल्या भांडणांना एक मोकळी जागा लागते आणि ती माझ्या दुकानासमोर आहे. एकदा बाळू गायकवाडाची उसाची ट्रॉली मागं घेताना नाना जगतापाच्या टोमॅटोच्या क्रेटवर गेली. टोमॅटोचा चिखल झाला. आधी ट्रॉलीवर बोलणं झालं, मग टोमॅटोवर झालं, आणि नंतर दोघं एकमेकांच्या आजोबांवर गेले. आता हात उचलले जाणार, एवढ्यात समोरच्या पत्र्याच्या घरातून कासममास्तर बाहेर आले. अंगात बँडचा लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालरी, एका बाजूची झालर उंदरानं नेलेली. दोघांच्या मधोमध उभे राहिले, डोळे मिटले, आणि एकच लांबच लांब सूर धरला.

"ओ मास्तर, थांबा की जरा! हितं म्हत्त्वाचं चाललंय!" बाळू ओरडला.

मास्तर थांबले नाहीत. दम संपला की श्वास घ्यायचे आणि तोच सूर पुन्हा. शिव्यांना मधे फट मिळेना. शेवटी बाळूनं एक दंड धरला, नानानं दुसरा, आणि दोघांनी मास्तरांना उचलून त्यांच्या ओट्यावर नेऊन बसवलं. मास्तर उचललेल्या अवस्थेतही वाजवतच होते. ओट्यावरून दोघं परत आले तेव्हा त्यांना आपण कशावरून भांडत होतो ते आठवत होतं, पण चव गेली होती. बाळूनं वाकून दोन धडके टोमॅटो उचलून क्रेटमध्ये टाकले.

मास्तर माझ्याकडं बघून म्हणाले, "बगा शेठ. दोघांनी मिळून एक काम केलं का न्हाई?"

कासम आतार हे त्यांचं नाव. गावात कुणी त्यांना मामा म्हणतं, कुणी मास्तर. वडील बाबूमास्तर, त्यांचाही बँड होता. पंचक्रोशीतलं एकही लग्न, एकही यात्रा, एकही उरूस या घराच्या फुंकरीशिवाय पार पडलेला नाही. माझ्या लग्नात मला घोड्यावर बसवताना मी घसरलो, तेव्हा लोकांचं लक्ष जाऊ नये म्हणून मास्तरांनी एकदम चाल बदलून सगळ्या वऱ्हाडाला नाचायला लावलं होतं. हे त्यांनी मला पुढं कित्येक वर्षांनी सांगितलं. मला वाटत होतं, कुणी बघितलंच नाही.

जागतिक शांततेचं प्रकरण मात्र नंतर सुरू झालं. शिरूरकडच्या एका कॉलेजात कसलासा समारंभ होता आणि पाहुण्यांच्या स्वागताला मास्तरांचा बँड बोलावला होता. प्रमुख पाहुणे कुणी मोठे विद्वान होते. त्यांचा भाषणाचा विषयच असा, की जगात शांतता नांदावी म्हणून संगीतकार काय करू शकतो. बोलता बोलता त्यांनी बाजूला उभ्या असलेल्या बँडकडं हात केला आणि म्हणाले, "हे बघा, हे जागतिक शांततेचे खरे दूत!" टाळ्या पडल्या. पाहुणे पुढच्या मुद्द्याकडं वळले. मास्तर वळले नाहीत.

भाषण संपल्यावर त्यांनी पाहुण्यांना गाडीपाशी गाठलं. "सायेब, म्हंजी आमचं काम नेमकं काय?"

पाहुण्यांना उशीर झाला होता. गाडीची काच वर घेता घेता ते म्हणाले, "वाजवत राहा."

मास्तरांनी ती नेमणूकच समजली. परत आल्यावर पहिलं काम केलं ते बँडचं नाव बदलायचं. पेंटर बोलावला. दोन ढोल होते. 'जागतिक शांतता ब्रास बँड' एवढं नाव एका ढोलावर मावेना, म्हणून पेंटरनं एका ढोलावर 'जागतिक' लिहिलं आणि दुसऱ्यावर 'शांतता'. शांतता लिहिलेला ढोल पोपट सोनवणे वाजवायचा. पोपट अंगानं पैलवान. त्यामुळं गावात सगळ्यात मोठा आवाज शांततेचा यायला लागला. पोपट एखाद्या लग्नाला आला नाही तर नुसतंच 'जागतिक' पुढं चालायचं आणि वऱ्हाडातली माणसं एकमेकांना विचारायची, "जागतिक काय?"

मग मास्तरांचा सकाळचा कार्यक्रम ठरून गेला. मी दुकान उघडून पेपर हातात घेतला की ते समोर येऊन बसत.

"आज कुठं पेटलंय, शेठ?"

मी वाचून सांगायचो. जगात कुठं ना कुठं पेटलेलं असतंच, त्याला सुट्टी नसते.

"ते कुठल्या अंगाला येतं?"

भूगोलात मी काही हुशार नव्हतो. अंदाजानं हात करायचो. "ते असं मावळतीला, न्हावऱ्याच्या बाजूला येईल. पण लांब. लई लांब."

"लांब असू द्या. आपण सुरुवात तर करू." असं म्हणून मास्तर ओट्यावर जायचे, न्हावऱ्याकडं तोंड करायचे आणि वाजवायचे. मनापासून वाजवायचे. त्यात थट्टा नसायची.

अडचण एवढीच, की जगातल्या बहुतेक लढाया माझ्या अंदाजानं पश्चिमेला पडत, आणि मास्तरांच्या पश्चिमेला सखूबाई फराट्यांचा गोठा होता. क्लॅरिनेट सुरू झालं की सखूबाईंची म्हैस पान्हा चोरायची. सखूबाई एके दिवशी तांब्या हातात घेऊन थेट दुकानात आल्या. मला म्हणाल्या, "तुमी पेपर वाचताय म्हून हे व्हतंय. जरा उगवतीकडं एखादी लढाई दावा की! आमीच किती सोसायचं?"

एकदा दोन देशांत तह झाल्याची बातमी आली. मास्तरांनी गुळाचे खडे वाटले. मला दोन दिले, सखूबाईंना दिला, म्हशीलाही दिला. पुढं थोड्याच दिवसांत ते देश पुन्हा भांडायला लागले. ही बातमी मास्तरांना सांगताना मलाच ओशाळल्यासारखं झालं. त्यांनी ऐकून घेतलं. मग क्लॅरिनेटचं टोक काढलं, तिथं ओठांत धरायची बोरूची पातळ पट्टी असते, तिला ते रीड म्हणतात, ती उन्हात धरून नीट बघितली.

"चिरलीय," ते म्हणाले. "मलाबी शंका व्हतीच."

शिरूरकडच्या एका कंपनीत कामाला असलेली पोरं गावात भाड्यानं राहायला आली तेव्हा पाण्याच्या मोटरीवरून घरमालकाशी त्यांची रोज तंडातंडी व्हायची. पोरं बिहारकडची. मालकाला हिंदी येईना, पोरांना मराठी येईना, त्यामुळं दोन्ही बाजूंना वाटायचं की समोरचा आपल्याला फार वाईट काहीतरी बोलतोय. मास्तर गेले आणि त्यांनी तिकडच्या लग्नात वाजवतात तशी एक चाल कुठूनतरी ऐकून बसवली होती ती वाजवली. पोरं गप्प झाली. त्यातला एक जण पायरीवर बसला आणि डोळे पुसायला लागला.

मालक घाबरला. "मास्तर, काय केलं तुमी त्याला?"

तो पोरगा म्हणाला, "चाचा, गलत बजाए हो. ऐसे नहीं है." आणि त्यानं गाऊन दाखवलं. मास्तरांनी त्याच्याकडून ती ओळ परत परत म्हणवून घेतली. मालकाच्या बायकोनं सगळ्यांना चहा केला. मोटर कुणी कधी चालू करायची ते त्या चहावर ठरलं.

एवढं सगळं वाचून तुम्हाला वाटेल, हा माणूस सुखी असणार. मलाही वाटत होतं. पण एक गोष्ट मला बरीच वर्षं कळत नव्हती. मास्तर वाजवायला उभे राहिले की डावीकडं एका माणसाएवढी जागा मोकळी सोडायचे. बँड मोडला, ढोल गेले, पोपट सोनवणे कंपनीत वॉचमन झाला, मास्तर एकटे राहिले, तरी रस्त्यानं वाजवत चालताना ते उजव्या कडेनं चालत. मला वाटायचं, गाड्यांना वाट देतात.

ती जागा उस्मानभाईंची होती.

उस्मान म्हणजे मास्तरांचा धाकटा भाऊ. तो ट्रम्पेट वाजवायचा. बाबूमास्तरांनी दोघांना एकत्रच शिकवलं. एकानं ओळ म्हणायची, दुसऱ्यानं तिला जबाब द्यायचा. नवरी वाटेला लावतानाची एक चाल बाबूमास्तरांनी स्वतः बसवली होती. ती या दोन भावांनी वाजवायला घेतली की नवरीकडची माणसं तर रडायचीच, पण नवऱ्याकडची माणसंही टोपीनं डोळे टिपायची. मधे ट्रम्पेटचा एक तुकडा होता, तेव्हा सगळा बँड थांबायचा, मास्तरही थांबायचे, आणि उस्मानभाई एकटा वाजवायचा. मी तो ऐकलाय.

मग लग्नांमध्ये डीजे आला. लोकांना छातीत धडधडणारा आवाज पाहिजे झाला. बँडच्या सुपाऱ्या कमी झाल्या. उस्मानभाईला घरात दोन पोरी, एक पोरगा. तो मास्तरांना म्हणाला, "भाई, आपणबी डीजे घेऊ. दोघं मिळून चालवू." मास्तर म्हणाले, "मी फुंकणारा माणूस हाय. बटनं दाबायला मला कुणी नेमलेलं न्हाई." उस्मानभाई केडगावला सासुरवाडीच्या आधारानं राहायला गेला आणि त्यानं तिथं डीजे सुरू केला. तोवरही बोलणं-चालणं होतं. ईदला येणं-जाणं होतं.

तुटलं ते निमोणे गावातल्या एका लग्नात. नवरीच्या बापानं हौसेनं मास्तरांचा बँड सांगितला होता. नवऱ्याकडच्या पोरांनी त्याला न विचारता डीजे आणला. डीजे उस्मानभाईचा. मिरवणूक निघाली, मास्तरांनी पहिली ओळ उचलली, आणि मागून टेम्पोवरच्या स्पीकरच्या भिंतीएवढ्या पेट्या सुरू झाल्या. मास्तरांच्या शेजारी उभ्या असलेल्या माणसालाही क्लॅरिनेट ऐकू येईना. फक्त गाल फुगताना दिसत होते. मी त्या लग्नात होतो. बियाण्याच्या एका गिऱ्हाइकाचंच लग्न होतं.

मास्तरांनी क्लॅरिनेट पोपटच्या हातात दिलं, शांतपणे टेम्पोकडं गेले आणि वायर उपटली.

एकदम सगळं बंद. नाचणाऱ्या पोरांचे हात तसेच वर राहिले. पोरं मास्तरांच्या अंगावर धावली. उस्मानभाई टेम्पोवरून उडी मारून मधे पडला, पोरांना त्यानं मागं ढकललं, आणि मग भावाकडं वळला.

"भाई, लोकांना नकोय आता तुझं. कवा कळणार तुला?"

मास्तर म्हणाले, "उस्मान, तू वाजवणारा राहिला न्हाईस. वायर लावणारा झालास."

उस्मानभाई खाली वाकला. त्यानं वायर उचलली आणि परत लावली. मास्तर बँड घेऊन चालत निघून आले. त्यानंतर ईद आली आणि गेली, उस्मानभाईच्या पोरींची लग्नं झाली, मास्तरांच्या बायकोचं, हमीदाचाचींचं, आजारपण झालं आणि त्या गेल्या. मातीला उस्मानभाई आला होता. लांब, लिंबाखाली उभा होता. दोघं भाऊ एकमेकांशी बोलले नाहीत.

एकदा मी धीर करून म्हणालो होतो, "मास्तर, अख्ख्या गावाच्या भांडणात वाजवता. एकदा उस्मानभाईपुढं जाऊन वाजवा की."

ते बराच वेळ रीड ओठांनी ओली करत राहिले. मग म्हणाले, "जगाचं सोपं हाय, शेठ. जग मला वळखत न्हाई."

गेल्या उन्हाळ्यात केडगावचा एक बियाण्याचा डीलर दुकानात आला. बोलता बोलता म्हणाला, "तुमच्या गावचे ते डीजेवाले उस्मानभाई, त्यांनी डीजे इकला. कान गेले त्यांचे. दोन्ही. डॉक्टर म्हणत्यात, येवढी वरसं त्या पेट्यांजवळ उभं ऱ्हायले, नस मेली. आता काईच ऐकू येत न्हाई."

मास्तर तिथंच पोत्यावर बसले होते. डीलरला माहीत नव्हतं की हा कोण. तो बिल घेऊन गेला. मास्तर उठले आणि घरात गेले. त्या दिवशी मी पेपरातली लढाई शोधून ठेवली होती, ती त्यांनी विचारली नाही.

दुसऱ्या दिवशीही विचारली नाही. त्यानंतर एकदा थांब्यावर दोन रिक्षावाल्यांचं जुंपलं. चांगलं कडाक्याचं जुंपलं. एकानं दुसऱ्याची कॉलर धरली, आणि मग दोघंही थांबले. मान वळवून मास्तरांच्या दाराकडं बघायला लागले. दार उघडंच होतं. आतून काही आवाज येईना.

"मास्तर आजारी हायत व्हय, शेठ?" ज्याची कॉलर धरलेली होती त्यानं विचारलं.

"नाही बुवा," मी म्हणालो.

"मंग?" कॉलर धरणारा म्हणाला. त्यानं कॉलर सोडली. दोघांनाही पुढं काय करायचं ते सुचेना. सखूबाई गोठ्यातून बाहेर आल्या आणि त्याही दाराकडं बघत उभ्या राहिल्या. मला म्हणाल्या, "काय तरी कमी-जास्त झालंय. म्हस दूध देतीय आता सरळ, पर मला गोड लागंना."

त्यानंतर एका सकाळी मास्तर दुकानात आले. दाढी केलेली, पांढरा सदरा, क्लॅरिनेटची पेटी काखेत.

"शेठ, केडगावला कवा जाणार तुमी?"

माझं काही काम नव्हतं. "आत्ताच निघालोय," मी म्हणालो.

मोटरसायकलवर मागं बसून मास्तर पुटपुटत होते. वाऱ्यानं एखादा शब्द पुढं यायचा. "...तवा माझं चुकलं..." मग थोडं थांबून पुन्हा, "...लहान हाईस, पर पोटाचं तुला बगावंच लागणार व्हतं..." मग, "हमीदा तुझं नाव काढायची..." भीमेचा पूल येईपर्यंत सगळं बोलणं पाठ झालं असावं, कारण पुलावर ते गप्प झाले. पुलापलीकडं म्हणाले, "शेठ, परत फिरू या का? ऊन झालंय." मी म्हणालो, "मास्तर, सकाळचे नऊ वाजलेत." ते म्हणाले, "व्हय, पर ऊनच हाय." मी गाडी थांबवली नाही.

उस्मानभाईचं घर रेल्वे स्टेशनापासून जवळच. समोर अंगण, बाजूला एक मोठी पत्र्याची शेड. पेट्या तिथं ठेवत असणार, आता ती रिकामी होती. अंगणात खाटेवर उस्मानभाई भुईमुगाच्या शेंगा फोडत बसला होता. मी त्याला किती वर्षांनी बघत होतो! केस पार पांढरे. त्यानं आमच्याकडं बघितलं. शेंग हातातच राहिली.

"भाई!" तो ओरडला. खरंच ओरडला, लांबच्या माणसाला हाक मारावी तसा. आपला आवाज केवढा निघतोय ते त्याला कळत नव्हतं. "या! बसा! झुलेखा, भाई आलेत!"

त्याची बायको, झुलेखाभाबी, पदर सावरत बाहेर आल्या. मास्तर खाटेसमोर उभे राहिले. त्यांनी घसा साफ केला आणि पाठ केलेलं बोलणं सुरू केलं. "उस्मान, तवा निमोण्यात माझं..."

उस्मानभाईनं मान हलवली आणि कानावर हात ठेवून दाखवला. "काय बी नको बोलूस, भाई. काय बी येत न्हाई."

मास्तर बोलायचे थांबले. त्यांनी माझ्याकडं बघितलं. पुलापर्यंत जमवून आणलेलं सगळं त्यांच्या तोंडात तसंच राहिलं होतं आणि आता ते ठेवायला जगात कुठं जागा नव्हती.

"आता कसं सांगू याला?" ते हळूच म्हणाले.

मग खाली बसले, मांडीवर पेटी घेतली आणि क्लॅरिनेटचे तुकडे एकाला एक जोडायला लागले.

"भाईजान," झुलेखाभाबी म्हणाल्या, "ह्यांना न्हाई ऐकू येणार."

"म्हायती हाय," मास्तर म्हणाले.

त्यांनी वाजवायला सुरुवात केली. बापानं बसवलेली, नवरी वाटेला लावायची चाल. सुरुवात जरा कापरी झाली. उस्मानभाई आधी भावाच्या तोंडाकडं बघत होता, गाल फुगताहेत, डोळे मिटलेत, एवढंच त्याला दिसत होतं. मग त्याची नजर खाली उतरली आणि क्लॅरिनेटवरच्या बोटांवर थांबली. बोटं उचलत होती, बसत होती. उस्मानभाईच्या कपाळावर आठी पडली. एखादं जुनं ओळखीचं माणूस गर्दीत दिसल्यावर आपण नाव आठवायचा प्रयत्न करतो तशी.

आणि ती आठी गेली.

त्यानं शेंगांचं सूप बाजूला सारलं. हात सदऱ्याला पुसले. खाटेवरून उठला आणि येऊन भावाच्या डावीकडं बसला. मास्तरांनी डोळे उघडले नाहीत, पण थोडंसं उजवीकडं सरकले.

चाल पुढं जात राहिली. मग ती जागा आली, जिथं ट्रम्पेटचा तुकडा होता. मास्तर थांबले. क्लॅरिनेट ओठांपासून बाजूला घेतलं.

अंगणात काहीच आवाज नव्हता. उस्मानभाईनं उजवा हात गुडघ्यावर ठेवला आणि ट्रम्पेटच्या तीन चाव्या असतात तशी तीन बोटं चालवायला लागला. ओठ घट्ट मिटलेले, गाल भरत होते, रिकामे होत होते. कुठं बोट भरभर पडत होतं, कुठं एकच बोट दाबून धरलेलं होतं. मास्तर त्या बोटांकडं बघत होते. मी ते बघत होतो आणि, खोटं कशाला सांगू, तो तुकडा मला ऐकू येत होता. शेवटचा सूर त्यानं पूर्वी धरायचा तसा लांब धरला. मग बोट उचललं आणि भावाकडं बघितलं.

मास्तरांनी पुढची ओळ नेमकी तिथंच उचलली.

झुलेखाभाबी आत गेल्या होत्या. चहाचे कप घेऊन आल्या आणि उंबऱ्यावरच उभ्या राहिल्या. चाल संपली तेव्हा मास्तरांचे दोन्ही गाल ओले होते, ते त्यांनी पुसले नाहीत. उस्मानभाईनं भावाच्या गुडघ्यावर एक चापट मारली.

"परत घे!" तो ओरडला, सगळ्या आळीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.

मास्तरांनी रीड ओली केली.